जुगाड जीपला लाखो लाइक मिळतात, मग पासिंग का मिळत नाही?

इन्स्टाग्राम उघडा आणि दोन-चार रील खाली सरका. कुठल्यातरी गावात पत्र्याच्या शेडमध्ये एक पोरगा वेल्डिंग करताना दिसेल. पाइपचा सांगाडा, भंगारातून आणलेलं मारुती ८०० चं इंजिन, जाडजूड टायर. शेवटच्या दहा सेकंदांत गाडी चिखल उडवत ओढ्यातून वर येते आणि मागे दणक्यात गाणं वाजतं. खालच्या कमेंटही ठरलेल्या असतात. 'भावा, टॅलेंट!', 'याला कुणीतरी नोकरी द्या रे', 'आरटीओनं याला त्रास देऊ नये'.

या गर्दीत एखादा हळूच विचारतो, 'पासिंग होतं का याचं?'

त्याला सहसा कुणी उत्तर देत नाही. म्हणून आज तेच उत्तर समजून घेऊ. घरी ऑफ-रोड गाडी बनवली तर कायदा काय म्हणतो, ती स्वतःच्या शेतात चालवली तर चालते का, धोका नेमका कुठं असतो आणि दुसऱ्या देशांनी यातून काय वाट काढली?

देवराष्ट्रेची जीप आठवते?

डिसेंबर २०२१ मधली गोष्ट. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या एका कारागिरानं मुलाच्या हट्टापायी भंगारातल्या सामानातून छोटीशी जीप तयार केली. खर्च आला साधारण ६० हजार रुपये. गाडी सुरू करायची तर दुचाकीसारखी किक मारायची. व्हिडिओ व्हायरल झाला आणि थेट आनंद महिंद्रांपर्यंत पोचला.

महिंद्रांनी कौतुक केलं, पण सोबत दोन गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या. ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या प्रशासन ती रस्त्यावर चालवू देणार नाही. म्हणून त्यांनी या गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि ही जीप महिंद्रा रिसर्च व्हॅलीत ठेवू असं सांगितलं. जानेवारी २०२२ मध्ये त्या कुटुंबाला बोलेरो मिळाली.

सगळ्यांना ही गोष्ट गोड शेवटाची वाटली, आणि त्या कुटुंबासाठी ती तशी होतीच. पण नीट पाहिलं तर देशातल्या सगळ्यात गाजलेल्या घरगुती जीपचा शेवटही रस्त्यावर झाला नाही, तो प्रदर्शनात झाला. एवढं कौतुक, एवढ्या मोठ्या उद्योगपतीचा पाठिंबा, आणि तरीही त्या गाडीला नंबर प्लेट मिळवून देणं हा पर्याय टेबलावर नव्हताच. तो का नव्हता, ते बघू.

पासिंग नेमकं कुठं अडतं?

शोरूममधून गाडी घेतली की आपण फक्त नंबर कधी येतो याची वाट बघतो. त्यामागची कागदं डीलर करतो, म्हणून ती आपल्याला दिसत नाहीत. नोंदणीच्या अर्जासोबत मुख्य दोन कागद लागतात. फॉर्म २१ म्हणजे गाडी विकल्याचा दाखला. फॉर्म २२ म्हणजे ही गाडी प्रदूषणाच्या आणि सुरक्षिततेच्या नियमांत बसते आणि रस्त्यावर चालवायला योग्य आहे, असं उत्पादकानं दिलेलं प्रमाणपत्र.

फॉर्म २२ उत्पादक कशाच्या जोरावर देतो? केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ नुसार प्रत्येक मॉडेलचा नमुना आधी मान्यताप्राप्त संस्थेकडे तपासून घ्यावा लागतो. गंमत म्हणजे यातल्या तीन मोठ्या संस्था महाराष्ट्रातच आहेत. पुण्यातली एआरएआय आणि सीआयआरटी, आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. ब्रेक, दिवे, सीटबेल्टचे अँकर, धूर, आवाज अशा कितीतरी गोष्टींची तिथं चाचणी होते. हजारो गाड्या विकणारी कंपनी हा खर्च प्रत्येक गाडीवर थोडा थोडा वाटून टाकते. शेडमध्ये एकच गाडी बनवणाऱ्याला तो खर्च कुणावरच वाटता येत नाही.

म्हणजे अडचण अशी आहे की ही सगळी व्यवस्था 'उत्पादक' गृहीत धरून उभी आहे. घरी एक गाडी बनवणारा माणूस तिच्या हिशेबातच नाही. त्याची गाडी चांगली की वाईट हा प्रश्न पुढचा. तो प्रश्न विचारणारी खिडकीच आरटीओत नाही.

नोंदणी नसताना गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ खाली पहिल्या वेळी २ ते ५ हजार रुपये दंड. पुन्हा सापडलात तर १० हजारांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. शिवाय कलम २०७ खाली गाडी जप्त होऊ शकते.

'पण ही तर जुगाड गाडी आहे, हिला कसला कायदा' हा युक्तिवादही करून झालाय. उत्तर भारतात पाण्याच्या पंपाचं डिझेल इंजिन बसवून माणसं आणि माल वाहणाऱ्या गाड्यांना 'जुगाड' म्हणूनच ओळखतात. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की जुगाड हेही मोटार वाहनच आहे. नोंदणी आणि विमा हे नियम त्यालाही लागू आहेत.

माझ्याच शेतात चालवली तर?

कमेंटमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारा मुद्दा हाच. 'रस्त्यावर नेतच नाही, ऑफ-रोड आहे ना?'

इथं कायद्याचे तीन शब्दप्रयोग नीट बघावे लागतात.

पहिला, 'सार्वजनिक जागा'. कायद्यात याचा अर्थ फक्त डांबरी रस्ता नाही. जिथं लोकांना जायचा हक्क आहे ती कुठलीही जागा त्यात येते. गावाबाहेरची पाणंद, नदीकडं जाणारी वाट, समुद्रकिनारा, गडाच्या पायथ्याचं मैदान, हे सगळं यात येऊ शकतं. म्हणजे आपण ज्याला 'ट्रेल' म्हणतो, ती बहुतेक वेळा कायद्याच्या नजरेत सार्वजनिक जागाच असते.

दुसरा, 'इतर कोणतीही जागा'. नोंदणी सक्तीची करणाऱ्या कलम ३९ मध्ये सार्वजनिक जागेसोबत हेही शब्द आहेत. त्यामुळं 'माझं रान, माझी गाडी' एवढं म्हणून विषय संपत नाही.

तिसरा, 'बंदिस्त आवार'. मोटार वाहनाच्या व्याख्येतून काही गाड्या वगळल्या आहेत. फक्त कारखान्यात किंवा दुसऱ्या बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेली खास प्रकारची गाडी या कायद्यात 'मोटार वाहन' ठरत नाही. कुंपण घातलेल्या खासगी ट्रॅकवरच्या बग्गीला आधार मिळू शकतो तो इथंच. पण बांधावरून कुणीही ये-जा करतं असं उघडं शेत 'बंदिस्त' ठरेल का, यावर वाद होऊ शकतो. आणि शेतातून ट्रॅकपर्यंत दोन किलोमीटर गाडी चालवत नेली, तर मधल्या रस्त्यावर ती सरळ विनानोंदणी गाडी ठरते. ती टेम्पोत किंवा ट्रेलरवर टाकूनच न्यावी लागते.

जंगलाचा विषय तर आणखी वेगळा. राखीव वनात परवानगीशिवाय घुसणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे आणि अभयारण्यांमध्ये प्रवेशावर १९७२ च्या वन्यजीव कायद्याची बंधनं आहेत. सह्याद्रीतल्या सड्यांवर तर मातीचा थरच काही इंचांचा असतो. पावसाळ्यात त्यावरून जाड टायरची गाडी एकदा गेली तरी चाकोरी कोरली जाते. रील चोवीस तासांत जुनी होते, ती चाकोरी पुढच्या कितीतरी पावसाळ्यांत दिसत राहते.

जुनी जीप घेऊन मॉडिफाय केली तर चालेल?

बरेच जण हा मधला मार्ग घेतात. पासिंग झालेली जुनी जिप्सी किंवा जीप घ्यायची, सस्पेंशन उचलायचं, चासी कापायची, दुसरं इंजिन बसवायचं. आरसी बुक तर आहेच, मग भीती कसली?

कलम ५२ म्हणतं की आरसी बुकातली माहिती आणि उत्पादकानं मुळात दिलेली माहिती यात फरक पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. 'बदल' म्हणजे काय, तेही कायद्यात दिलंय. गाडीच्या रचनेतला असा बदल, ज्यामुळं तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. म्हणजे म्युझिक सिस्टिम किंवा सीट कव्हरवरून कुणी अडवणार नाही. पण चासी कापणं हा वेगळाच मामला. त्याच बनावटीचं इंजिन बदलायचं तरी आरटीओची परवानगी लागते.

जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळातून आलेल्या एका प्रकरणात यावर शिक्कामोर्तब केलं. केरळ हायकोर्टानं मालकांना झुकतं माप दिलं होतं, तो निकाल रद्द झाला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ अ आलं. त्यानुसार मालकानं परवानगी नसलेला बदल केला तर अशा प्रत्येक बदलामागं ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

त्याच कलमात उत्पादक आणि डीलर यांच्यासाठी प्रत्येक गाडीमागं १ लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. आणि कायद्याच्या व्याख्येत गाड्या दुरुस्तीचा धंदा करणाराही 'डीलर'मध्ये मोडतो. म्हणजे हौस गाडीमालकाची असली तरी कोपऱ्यावरचा गॅरेजवालाही त्यात सापडू शकतो.

सरकार उगाच आडमुठेपणा करतंय का?

हा लेख इथंच थांबवला तर खलनायक आरटीओ ठरेल. पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. ज्या देशात हे होतंय, तिथं तपासणी न झालेल्या गाड्यांबद्दल सरकारनं कडक असणं चूक म्हणता येणार नाही.

आणि घरगुती ऑफ-रोड गाडीतले धोके रीलमध्ये दिसत नाहीत.

उलटण्याचंच घ्या. एका गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांमध्ये १२० सेंटिमीटर अंतर आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर आहे, असं समजू. कागदावर ही गाडी आडव्या उतारावर ४५ अंशांपर्यंत उभी राहू शकते. आता लूकसाठी ती १५ सेंटिमीटर उचलली, तर ती मर्यादा ३९ अंशांच्या खाली येते. हे गाडी उभी असतानाचं गणित. वळण, वेग, एका चाकाखाली आलेला दगड हे धरलं तर गाडी त्याच्या कितीतरी आधी पलटी होते.

पलटी झाल्यावर माणसाला वाचवायचं काम रोलकेजचं, म्हणजे डोक्यावरच्या पाइपच्या पिंजऱ्याचं. घरगुती गाड्यांत तो अनेकदा पाण्याच्या जीआय पाइपचा असतो, कारण तो कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पण तो पाइप पाणी वाहून न्यायला बनवलेला असतो, गाडीचं वजन आपटल्यावर झेलायला नाही. वर त्याच्यावर जस्ताचा मुलामा असतो. वेल्डिंग करताना त्या जस्ताचा धूर नाकातोंडात गेला तर थंडी वाजून ताप येतो, हे अनेक वेल्डरना अनुभवानं माहीत असतं. मुलामा न काढता केलेला जोडही कच्चा राहू शकतो. जोड बाहेरून चकचकीत दिसतो, आतून किती धरलाय हे आपटल्यावरच कळतं.

इन्शुरन्सचं तर विचारूच नका. नोंदणी नाही म्हणजे थर्ड पार्टी विमा नाही. अशा गाडीनं कुणाला उडवलं तर भरपाई विमा कंपनी देत नाही, ती बनवणाऱ्याच्या खिशातून जाते. खिशात नसेल तर जमीन, घर. आणि ज्याला लागलं त्याच्या घरच्यांना कदाचित काहीच मिळत नाही.

मग हे सुरक्षित करताच येत नाही का?

येतं. आणि ते आपल्याच देशात, कॉलेजची पोरं दरवर्षी करून दाखवतात.

२००७ पासून भारतात 'बाहा एसएई इंडिया' ही स्पर्धा होते. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी एका माणसाची ऑफ-रोड बग्गी स्वतः डिझाइन करून बनवतात. इंदूरजवळ पिथमपूरला तिच्या फेऱ्या गाजल्या. महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या टीमही त्यात हिरिरीनं उतरतात.

तिथं गाडी ट्रॅकवर जाण्याआधी तपासणी होते. पिंजऱ्याच्या मुख्य भागासाठी कमीत कमी ०.१८ टक्के कार्बन असलेलं स्टील लागतं. त्याच्या पाइपचं ठरलेलं माप म्हणजे बाहेरून २५.४ मिलिमीटर व्यास आणि साधारण ३ मिलिमीटर जाडी. दुसरं माप वापरायचं असेल तर ते तेवढंच मजबूत आहे हे गणितानं सिद्ध करायचं. ब्रेकचे दोन स्वतंत्र हायड्रॉलिक सर्किट हवेत, म्हणजे एक फुटलं तरी दुसरं चालतं. ब्रेक मारल्यावर चारही चाकं जाम झाली पाहिजेत. ड्रायव्हर पाच सेकंदांत गाडीबाहेर आला पाहिजे. इंजिन बंद करायचं बटण ड्रायव्हरच्या हाताशी एक आणि बाहेरच्याला पोचेल असं दुसरं.

हे नियम वाचून लक्षात येतं की घरगुती गाडी सुरक्षित आहे की नाही हे मोजता येतं. त्यासाठी कोट्यवधींची प्रयोगशाळाच लागते असं नाही. लागते ती यादी, आणि ती यादी घेऊन गाडीसमोर उभा राहणारा तटस्थ माणूस.

बाकीचे देश काय करतात?

ब्रिटनमध्ये घरी गाडी बनवणाऱ्यांसाठी 'इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल' नावाची चाचणी आहे. मॉडेलची नाही, त्या एका गाडीची. सरकारी परीक्षक ती गाडी तपासतो. नापास झाली तर काय चुकलं ते कळतं, दुरुस्त करून पुन्हा न्यायची. पास झाली तर नोंदणी होते. जुने-नवे भाग एकत्र करून बनवलेल्या आणि वय ठरवता न येणाऱ्या गाडीला 'क्यू' अक्षराची वेगळी नंबर प्लेट मिळते. त्यामुळं पुढं ती विकत घेणाऱ्याला नंबर बघूनच कळतं की हे प्रकरण वेगळं आहे.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. कॅलिफोर्नियात अशा खास बनवलेल्या गाड्यांपैकी दरवर्षी पहिल्या ५०० गाड्यांना प्रदूषणाच्या नियमांत सूट मिळते. म्हणजे हौसेला वाट दिली, पण तिला मर्यादाही घातली.

त्या वाटेतून काय निघतं याचं उदाहरणही कॅलिफोर्नियातलंच. १९६४ मध्ये ब्रूस मेयर्स नावाच्या, फायबरग्लासच्या बोटींचं काम करणाऱ्या माणसानं आपल्या गॅरेजमध्ये फोक्सवॅगन बीटलचे भाग वापरून वाळूत चालणारी हलकी गाडी बनवली. तीच 'मेयर्स मॅन्क्स' बग्गी. १९६७ मध्ये मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी वाटांवर त्यानं आणि त्याच्या साथीदारानं तिच्यातून विक्रमी वेळ नोंदवली. त्याच वर्षी तिथं पहिली मोठी ऑफ-रोड शर्यत झाली. आपल्या कॉलेजांच्या स्पर्धेच्या नावातला 'बाहा' आलाय तो त्याच वाळवंटावरून. एका गॅरेजमधल्या गाडीमागोमाग बग्गी बनवण्याचा एक नवा धंदाच उभा राहिला.

आपल्याकडं काय होऊ शकतं?

आज आपल्याकडं अशा पोराला दोनच गोष्टी मिळतात. ऑनलाइन टाळ्या, नाहीतर नाक्यावर पावती. दोन्हीतून त्याला एकच गोष्ट कळत नाही, की आपली गाडी चांगली आहे का? टाळ्या वाजवणारा जोड तपासत नाही. पावती फाडणाराही तपासत नाही, कारण त्याला फक्त कागद बघायचेत.

मधली वाट काढणं फार अवघड नाही. एका गाडीपुरती, परवडेल अशा फीची चाचणी. वेगाला मर्यादा, ठरावीक भागापुरती नोंदणी आणि लांबूनच ओळखू येईल अशी वेगळी नंबर प्लेट. चाचणीच्या संस्था पुण्यात आणि अहिल्यानगरला आधीपासून आहेत. यादी कशी असावी याचा अनुभव कॉलेजांच्या स्पर्धांकडं आहे. आरटीओवर आधीच कामाचा ताण आहे आणि पळवाटा शोधणारे इथंही पळवाट शोधतील, हे आक्षेप रास्त आहेत. पण आजही या गाड्या बनतातच आणि चालतातही. फक्त त्या कुणीही न तपासता चालतात.

तोवर तुमच्या डोक्यात शेड, वेल्डिंग मशीन आणि इंजिन फिरत असेल, तर एवढं लक्षात ठेवा:

- भंगारातून इंजिन किंवा गिअरबॉक्स घेताना बिल घ्या आणि इंजिन नंबर लिहून ठेवा. चोरीच्या गाडीचा माल निघाला तर विषय पासिंगचा राहत नाही, पोलिसांचा होतो.
- पिंजऱ्याच्या पाइपवर पैसे वाचवू नका. रंग, लाइट आणि टायर नंतर घेता येतात.
- जोड दुसऱ्या अनुभवी वेल्डरला दाखवा. ज्यानं केला त्यालाच विचारू नका.
- पहिली चाचणी सपाट, बंद जागेत, हळू वेगात, हेल्मेट आणि बेल्ट लावून. शेजारी कुणाला बसवू नका, लहान मुलांना तर नाहीच.
- रस्त्यावरून गाडी चालवत नेऊ नका, लादून न्या.
- इंजिनिअरिंगला असाल तर कॉलेजच्या बाहा टीममध्ये घुसा. हीच हौस तिथं कायदेशीर आहे, आणि चुकलात तर सांगणारं कुणीतरी आहे.

आणि आपण, म्हणजे रील बघणारे? पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला की लाइक जरूर करा. भंगारातून चालती गाडी उभी करणं ही खरोखर मोठी गोष्ट आहे. फक्त 'भावा, टॅलेंट' लिहून झाल्यावर खाली आणखी एक ओळ टाका: 'पिंजऱ्याला पाइप कुठला वापरलास?'